द्राक्षांच्या गावात निवडुंगाची रात्र

पिंपळगाव बसवंत म्हटलं की आधी द्राक्षं, मग कांदा, मग टोमॅटो. चौथं काही आठवलंच तर तो टोलनाका! मुंबईहून आग्रा रोडनं निघालात, नाशिक मागे टाकलं, ओझर गेलं, की नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. आपण काय करतो? दोन किलो द्राक्षं घेतो, एक कटिंग मारतो आणि वणीच्या गडाकडे नाहीतर धुळ्याच्या दिशेनं सुटतो.

मी मात्र इथे गेले ते निवडुंग बघायला. तेही एकदा नाही, २०२४ मध्ये चक्क तीनदा. मेमध्ये, जुलैत आणि सप्टेंबरात. ‘लोक सुट्टीत मनालीला जातात, तू काट्यांत जातेस’ ही रूममेटची कॉमेंट झेलून.

त्याचं असं झालं, की माझे मामा इथले द्राक्षवाले. गावापासून सहा-सात किलोमीटर आत त्यांचा मळा. २०२१ मध्ये मामेभावानं हट्टानं वीस गुंठ्यांत ड्रॅगन फ्रूट लावलं. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात घरात एकच टॉपिक होता. जुनी थॉमसनची दोन एकर बाग काढून तिथेही हेच लावायचं की नाही? ऑक्टोबरच्या छाटणीआधी काय ते ठरवायचं होतं. मामेभाऊ ‘हो’वर ठाम, मामा ‘नाही’वर. मामी दोघांनाही जेवायला वाढत होत्या आणि कोणाचीच बाजू घेत नव्हत्या. म्हटलं, भांडण ज्याच्यावरून चाललंय ते झाड तरी एकदा नीट बघू या!

हो, ड्रॅगन फ्रूट म्हणजे निवडुंगच. मॉलमध्ये थर्माकोलच्या जाळीत बसलेलं ते गुलाबी, खवल्याखवल्यांचं फळ निवडुंगाला लागतं, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. गुजरात सरकारनं २०२१ च्या जानेवारीत त्याचं ‘कमलम’ असं बारसं केलं. नाव कमळाचं, गोत्र निवडुंगाचं. आणि अशी गडबड आपण पहिल्यांदा केलेली नाही. तुमच्या आईनं बाल्कनीतल्या कुंडीत जपलेलं ‘ब्रह्मकमळ’ आठवा. पावसाळ्यात एका रात्री फुलतं, मग शेजाऱ्यांना बोलावणं, हळदकुंकू, हल्ली व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उगवतं आणि ते पूर्णपणे वेगळं झाड आहे. आपल्या कुंडीतलं ते मेक्सिकोकडचं निवडुंग, ड्रॅगन फ्रूटचं जवळचं भावंड. त्याची ती लांबलचक ‘पानं’ही पानं नसतात, चपटी झालेली खोडं असतात. म्हणून तर फूल थेट ‘पाना’च्या कडेतून फुटतं.

उलट, ज्याला आपण हक्कानं निवडुंग म्हणतो तो बांधावरचा त्रिधारी, किंवा कुंपणाचा शेर, हे मात्र निवडुंग नाहीत! तोडल्यावर पांढरा चीक गळतो ना, ते वेगळं कुटुंब. खऱ्या निवडुंगाची खूण म्हणजे काट्यांच्या बुडाशी असलेली बारीकशी मऊ गादी. काटा, कळी, नवी फांदी, सगळं तिथूनच निघतं. आणि एखादा अपवाद सोडला तर हे सगळं खानदान मूळचं अमेरिकेतलं.

मेमध्ये गेले तेव्हा मामेभावाचा प्लॉट बघून खरं सांगायचं तर माझा मूडच गेला. एका बाजूला द्राक्षाचा हिरवागार मांडव आणि शेजारी सव्वादोनशे सिमेंटचे खांब. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर सिमेंटची रिंग, त्यातून चारी बाजूंनी लोंबणाऱ्या तिधारी फांद्या. झिंज्या सोडून उभ्या असलेल्या बायकाच जणू. रंग हिरवा कमी आणि पिवळा जास्त. काही फांद्यांवर तर चक्क भाजल्याचे डाग.

‘निवडुंगाला ऊन लागतं?’ मी.

‘लागतं ना ताई. सनबर्न होतो. आम्ही वरून पांढरी माती फवारतो, कुणी हिरवी नेट टाकतं.’

वाळवंटातल्या झाडाला सनस्क्रीन! पण फंडा असा आहे, की हे वाळवंटातलं नाहीच. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलात मोठ्या झाडांवर चढणारी ही वेल आहे. खोडाला हवेतली मुळं फुटतात, त्यांनी ती झाडाला धरते आणि सावलीच्या आधारानं वर जाते. इथे झाडाच्या जागी सिमेंटचा खांब आला आणि सावली गेली. पाणी कमी चालतं हे खरं, पण एप्रिल-मे तिच्यासाठी नुसता तग धरण्याचा सीझन असतो.

मामा हे सगळं ऐकत होते. मग म्हणाले, ‘तुला खरा निवडुंग दाखवतो, बस गाडीवर.’

हायवेनं उत्तरेला वडाळीभोई ओलांडून चांदवडकडे निघालं, की जमीन बदलत जाते. पालखेडच्या पाण्यावरचा हिरवा पट्टा मागे पडतो. डोंगर उघडे, माती मुरमाड, पाऊस कमी. तिथे एका पडीक बांधावर मामांनी गाडी थांबवली. फड्या निवडुंग! एकावर एक रचलेले तळहाताएवढे फडे, त्यांच्या कडांवर रांगेनं कळ्या. काही उमललेल्या. पिवळ्यात लाल-केशरी झाक असलेली ती फुलं पातळ मेणाच्या कागदाची असावीत अशी दिसत होती. चाळिशीच्या घरातल्या उन्हात आजूबाजूला दुसरं काहीही फुललेलं नव्हतं. फुलाच्या आत बोट लावलं तर केसर हळूच आत वळले. मधमाशी बसली की असंच होतं म्हणे, परागांची धूळ तिच्या अंगाला लागावी म्हणून. मी पाच मिनिटं तोच खेळ खेळत बसले.

फुलाच्या खालचा हिरवा भाग हळूहळू फुगतो आणि पुढे काही महिन्यांत गडद जांभळ्या-लाल बोंडात बदलतो. मामींच्या लहानपणीचा हा रानमेवा. काठीनं बोंडं पाडायची, विस्तवावर फिरवून बारीक कुसळं जाळायची, मग फोडून खायची. जीभ, ओठ, फ्रॉक सगळं लालभडक. आणि कुसळं नीट जळली नाहीत तर दोन दिवस बोलायची सोय नाही! (हे घरी ट्राय करू नका. ती कुसळं डोळ्यांना दिसत नाहीत आणि चिमट्यानंही निघत नाहीत.)

‘माझ्या आज्याची अर्धी जिंदगी हा निवडुंग काढण्यात गेली,’ मामा म्हणाले. ‘तोडून टाकला तर जिथं फडा पडेल तिथं परत उगवायचा. जाळायचे, खड्ड्यात पुरायचे. मग पांढरी कीड आली आणि हा बसला. आता याचा लेक पैसे देऊन निवडुंग विकत आणतो!’

ही ‘पांढरी कीड’ म्हणजे आजोबांची गोष्ट असेल असं मला वाटलं होतं. पण तिच्यामागे सॉलिड इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग हवा होता. तो रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळायचा आणि त्या धंद्यावर स्पेनचा कब्जा. कंपनीनं मद्रासला निवडुंगाची बाग केली आणि १७९५ मध्ये ब्राझीलकडून जहाजानं किडे आणले. किडे निघाले जंगली जातीचे! रंग हलका आणि भूक जबरदस्त. त्यांनी रंग देण्याऐवजी एका जातीचा निवडुंगच फस्त केला. पण निवडुंगाच्या बाकीच्या जाती देशात सुटल्या त्या सुटल्याच. कुंपण म्हणून लावल्या गेल्या, मग शेतंच्या शेतं गिळत गेल्या. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेमार्गे कोचिनीलची दुसरी जात आणली, ती मात्र मुद्दाम निवडुंग मारायला. दक्षिण भारतात तिनं थोड्या वर्षांत हजारो एकर जमीन मोकळी केली. साधारण त्याच काळात ऑस्ट्रेलियात हेच काम एका पतंगाच्या अळीनं केलं. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावच्या लोकांनी १९३६ मध्ये त्या पतंगाच्या नावानं चक्क एक मेमोरियल हॉल बांधला. आपल्याकडे किड्याच्या नशिबी एवढं भाग्य नाही.

मामांनी एका फड्यावरचा कापसासारखा पांढरा पुंजका बोटानं चिरडला. बोट लाल झालं. ‘पिठ्या ढेकणाचा भाऊ,’ म्हणाले. द्राक्षवाल्यांचा नंबर एकचा दुश्मन म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि नात्याचं म्हणाल तर मामांचं बरोबर आहे. दोघेही एकाच मोठ्या कुळातले. एकाला मारायला माणूस औषधं फवारतो आणि दुसऱ्याला जहाजानं मागवतो. असो.

जुलैत मामेभावाचा फोन आला. ‘ताई, आज रात्री लॉट फुलतोय. येतेस?’

फुलं अशी ठरवून येतात हे मला माहीत नव्हतं. दिवस मोठा झाला आणि पहिल्या पावसानं हवा जरा थंडावली, की कळ्या धरतात. जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, एकामागून एक लाटा. कळी दिसल्यापासून पंधरा-वीस दिवसांत फूल, फुलापासून साधारण महिन्याभरात फळ. म्हणजे एकाच फांदीवर इथे कळी, तिथे फूल, खाली पिकलेलं फळ, असा सगळा संसार एकदम. दिवस लहान झाले की दुकान बंद. व्हिएतनाममधले शेतकरी मग हिवाळ्यात रात्री बागेत बल्ब लावून झाडाला दिवस मोठा असल्याचं भासवतात. आपल्याकडेही काही जण तसे एलईडी लावतात. झाडाला नाइट शिफ्ट!

गंमत बघा, द्राक्षाचं कॅलेंडर याच्या बरोबर उलटं आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडीबार छाटणी, जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत माल. द्राक्षाला पाऊस म्हणजे संकट. निवडुंगाला पाऊस म्हणजे लग्नसराई.

रात्री साडेनऊला आम्ही प्लॉटवर. पायात गमबूट, कपाळावर हेडलॅम्प. मामांनी मोबाइलवर मोठ्यांदा अभंग लावले होते. भक्तीचा भाग थोडा, बिबट्याचा जास्त! निफाड तालुक्यात उसाच्या आडोशानं बिबटे राहतात आणि रात्री शेतात जायचं तर आवाज करत जायचं, हा इथला नियम. आधी वास आला. मोगऱ्यासारखा नाही, हलका, गोडसर, ओल्या हवेत तरंगणारा. मग लॅम्पच्या उजेडात फुलं दिसली. वीतभर नाही, त्याहून मोठी. पांढरीशुभ्र, बाहेरून पिवळट हिरव्या पट्ट्यांची, आत शेकडो पुंकेसरांचा पिवळा झुबका. एका खांबावर आठ-दहा, आणि असे सव्वादोनशे खांब. मे महिन्यातल्या त्या झिंज्या सोडलेल्या बायका ओळखू येत नव्हत्या.

मी फोटो काढत होते. मामेभाऊ मात्र डबी आणि ब्रश घेऊन कामाला लागला होता. या फुलांच्या मूळ गावी परागीकरण करतात ती वटवाघळं आणि मोठे निशाचर पतंग. इथे तो स्टाफ नाही. पहाटे मधमाश्या येतात, पण तोवर फूल मिटायला लागतं. शिवाय लाल गराच्या काही जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात. म्हणून पांढऱ्या गराच्या झाडांवरचे पराग डबीत झटकायचे आणि ब्रशनं लाल जातीच्या फुलांना लावायचे. एक फूल, एक फटकारा. नऊ ते बारा. इंजिनीअरिंग सोडून आलेला हा मुलगा दर फुलाला ‘झालं’ असं पुटपुटत होता.

रात्रीचं कारण फक्त रोमान्सचं नाही. निवडुंगाचा सगळा कारभारच रात्रीचा. दिवसा श्वास घ्यायला रंध्रं उघडली तर पाणी उडून जाईल. म्हणून ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून उन्हावर अन्न शिजवतात. म्हणूनच काही निवडुंग पहाटे चाखले तर आंबट लागतात आणि संध्याकाळपर्यंत ती चव उतरते. दुसऱ्या बाजूला द्राक्ष. भर दुपारी पानं उघडून बसणार आणि पाणी मागत राहणार. मामेभावाचा सगळा वाद या एका वाक्यात होता. पाणी किती दिवस पुरणार?

पहाटे सहाला पुन्हा गेलो. फुलांनी माना टाकल्या होत्या. मधमाश्यांची झुंबड होती. साडेसातला कार्यक्रम संपला.

सप्टेंबरात फळं. गुलाबी खवल्यांची टोकं किंचित सुकली की फळ तयार, हे एव्हाना मलाही कळत होतं. कात्रीनं देठ कापायचा, हातात जाड ग्लोव्ह्ज, क्रेटमध्ये पेपर. आम्ही तिथेच एक फोडलं. लाल गर, त्यात तिळासारख्या काळ्या बिया. फ्रिजमधल्या त्या पाणचट फळाशी याचं काही नातं असेल असं वाटेना. झाडावर पूर्ण पिकलेलं ड्रॅगन फ्रूट खरोखर गोड असतं. एक सूचना मात्र देऊन ठेवते. लाल गराचं फळ पोटभर खाल्लंत तर दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये दचकू नका! तो बीटातल्यासारखाच रंग आहे. फड्या निवडुंगाच्या बोंडातही तोच. काळ्या द्राक्षाचा रंग वेगळ्या घराण्यातला, आणि हे दोन रंग एकाच झाडात कधी सापडत नाहीत.

त्या दुपारी ओसरीवर खरं बोलणं झालं. मामेभावाचं गणित तयार होतं. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट त्यानं पहिल्या ओळीत मांडली. निफाड-चांदवडच्या बागा त्या एका संध्याकाळीत झोडपल्या गेल्या होत्या, मामांच्याही. औषधांचा खर्च, पाणी, थंडीत मणी तडकणं, एक्स्पोर्टच्या रिजेक्शनची टांगती तलवार. समोर काय, तर एकदा लावलं की वीस वर्षं उभं राहणारं झाड. मामांचा मुद्दा भावाचा होता. पहिल्या वर्षी व्यापारी घरी यायचे, आता क्रेट घेऊन आपण जातो. जो तो लावतोय. आणि डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता, तशी रात्र परत आली तर या वेलीचं काय?

मग मामी बोलल्या. तीन भेटींत पहिल्यांदाच.

‘द्राक्षाला डिपिंग, थिनिंग, छाटणी, काढणी. सुरगाण्याच्या, पेठच्या बायका पंधरा वर्षं आपल्याकडे येतात. पोरं घेऊन येतात, इथंच राहतात. या झाडाला माणूस लागत नाही म्हणून तुला ते आवडतं. त्यांनी कुठं जायचं?’

मामेभाऊ गप्प बसला. पिंपळगावात सीझनमध्ये सकाळी मजुरांची गर्दी होते, ती मी कितीदा गाडीच्या काचेतून बघितली आहे. निवडुंगाला कमी पाणी लागतं, कमी औषध लागतं, हे आपण कौतुकानं सांगतो. कमी माणसं लागतात हेही त्याच यादीत येतं आणि तेही कौतुकानंच. मला मामींच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही, मामेभावालाही नाही. पण त्यानंतर गणिताचा कागद घडी घालून खिशात गेला.

शेवटी ऑक्टोबरात दोनपैकी एक एकर निघाली आणि एक एकर राहिली. काढलेल्या जागेत खांब उभे राहिले, राहिलेल्या बागेवर गोडीबार छाटणी झाली. दोन्ही पार्ट्यांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं. मग आलं २०२५. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, मान्सून मेअखेरच राज्यात येऊन बसला. खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीत घड तयार होतात ते ऊन मिळेल तेव्हा, आणि ते ऊन मिळालंच नाही. नाशिकच्या अनेक बागांत पुढे घडच कमी निघाले. आणि निवडुंग? फुलायच्या रात्री धो धो पाऊस, पराग धुऊन गेले. नव्या प्लॉटमध्ये पाणी साचून खोडं कुजली. कोरड्या प्रदेशासाठी निवडलेलं झाड पाण्यानं सडलं. सुरगाण्याच्या बायका मात्र छाटणीला आल्या होत्या. कमी दिवस, पण आल्या.

तुम्हाला ती रात्र बघायची असेल तर जुलै ते सप्टेंबर बेस्ट. नाशिक जिल्ह्यात आता अशा बऱ्याच बागा आहेत. आधी फोन करून ‘लॉट कधी फुलतोय’ असं विचारा, म्हणजे शेतकऱ्याला कळेल की तुम्हाला थोडंफार कळतं. न विचारता कुणाच्या शेतात शिरू नका. गमबूट हवेतच. रात्री दहाच्या सुमाराला पोचा आणि ब्रश हातात दिला तर नाही म्हणू नका, त्या वेळी तिथे प्रत्येक हाताला काम असतं. मेमध्ये जाणार असाल तर वडाळीभोई-चांदवड रस्त्यावरचे पडीक बांध बघत चला. फड्या निवडुंग दुपारीही फुललेला सापडतो, आणि त्याच्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही.